आवाज नेमका कुठल्या मजल्यावर अडलाय?

ऐरोलीहून एका मुलानं विचारलंय. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरी असेंबल केलेला पीसी, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२, गेम सगळे स्टीम या ऑनलाइन दुकानातून. तक्रारी तीन. एका गेममध्ये संगीत आणि गोळीबार दणक्यात ऐकू येतो, पण पात्रांचे संवाद गायब. ओठ हलतात, शब्द नाही. दुसऱ्या गेममध्ये दहा-पंधरा मिनिटांनी खरखर सुरू होते. आणि रात्री मित्रांशी बोलत खेळायला ब्लूटूथ हेडफोन लावला, की सगळा आवाज जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखा. दोनदा फॉरमॅट मारून झालंय, दोन्ही वेळा तेच. मित्र म्हणतात, विंडोज टाक. शेवटी लिहितो, "दादा, तिसऱ्यांदा फॉरमॅट मारू का?"

नको रे बाबा. तुझ्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि एकाही कारणाला फॉरमॅट हा इलाज नाही. फॉरमॅट मारल्यावर तेच स्पीकर, तोच हेडफोन, तोच गेम तू पुन्हा लावलास, म्हणून तोच आजार परत आला.

मी कोपरखैरण्यात राहतो. आठवडाभर महापेला सर्व्हर सांभाळायचे आणि रविवारी ओळखीतल्या पोरांचे पीसी, असं वीस वर्षं चाललंय. आमच्या सोसायटीचा प्लंबर नळाला पाणी नाही म्हटलं की लगेच भिंत फोडत नाही. आधी गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडतो, मग त्या मजल्याचा व्हॉल्व्ह बघतो, आणि शेवटी नळाची जाळी काढतो. निम्म्या वेळा कचरा जाळीतच असतो. आवाजाचंही तसंच करायचं. लिनक्समध्ये गेमचा आवाज कानापर्यंत येताना चार मजले उतरतो. सगळ्यात वर गेमची स्वतःची सेटिंग. त्याखाली गेमनं वापरलेली लायब्ररी, आणि गेम विंडोजचा असेल तर प्रोटॉन, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवून देणारा दुभाषा. त्याखाली साउंड सर्व्हर, म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमचा आवाज कुठल्या स्पीकरला द्यायचा हे ठरवणारा. आणि तळाला अल्सा, म्हणजे कर्नलमधला (सिस्टिमच्या गाभ्यातला) ड्रायव्हर, आणि प्रत्यक्ष साउंड कार्ड. आधी मजला शोधायचा. पान्याला हात नंतर.

ब्राउझरमध्ये एखादं गाणं लाव. नीट वाजलं ना? मग खालचे दोन मजले निदान चालू आहेत. तुझ्याकडे ते वाजतंय असं तू लिहिलंच आहेस. मग ड्रायव्हर बदलायचा, कर्नल बदलायचा, हे विषय इथेच मिटले.

आता टर्मिनलमध्ये 'पॅक्टल इन्फो' ही आज्ञा दे. (आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन छोटी अक्षरं, पॅक्टल म्हणजे पी-ए-सी-टी-एल.) त्यात सर्व्हरच्या नावापुढे 'पल्सऑडिओ' आणि लगेच कंसात 'ऑन पाइपवायर' असं दिसेल. गोखले रोडवर असतं बघ, पाटी जुन्या दुकानाची आणि गल्ल्यावर मालक नवा. तसलाच प्रकार. साउंड सर्व्हर म्हणून पल्सऑडिओ आलं २००४ मध्ये. २००७ मध्ये फेडोरा ८ नं (मिंटसारखंच लिनक्सचं एक रूप) ते मुख्य केलं आणि पुढची बारा-चौदा वर्षं सगळीकडे तेच होतं. २०२१ मध्ये फेडोरा ३४ नं त्याच्या जागी पाइपवायर आणलं, मग उबुंटू २२.१० नं, आणि २०२४ मध्ये मिंट २२ नं. जुन्या प्रोग्रॅमना बदल कळू नये म्हणून पाइपवायर पल्सऑडिओच्याच भाषेत बोलतं.

हा इतिहास सांगायचं कारण एवढंच, की शोधल्यावर तुला जे उपाय सापडतात त्यातले बरेचसे जुन्या मालकाच्या काळातले असतात. 'पल्सऑडिओ काढून टाक' हा त्यातला सगळ्यात घातक. 'डीमन डॉट कॉन्फ फाइलमध्ये अमुक ओळ टाक' हा निरुपद्रवी पण बिनकामाचा, कारण पाइपवायर ती फाइल उघडतही नाही. 'स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये घाल' हाही तसलाच; आताच्या डेस्कटॉपवर त्याची गरज नसते, उलट घरात दोघांची खाती असतील तर एकाचा प्रोग्रॅम कार्ड धरून बसतो आणि दुसऱ्याला आवाज मिळत नाही. बऱ्याचदा मूळ दुखणं साधं असतं आणि वरून केलेले हे उपचार निस्तरण्यातच माझा रविवार जातो.

आता तुझे न बोलणारे लोक. तू पाठवलेल्या स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात आउटपुट प्रोफाइल दिसतंय: 'अ‍ॅनालॉग सराउंड ५.१'. आणि टेबलावर स्पीकर किती? दोन. उत्तर तिथेच आहे. गेम सुरू होताना विचारतो, किती चॅनेल आहेत? तुझी सिस्टिम ऐटीत सांगते, सहा. मग गेम संगीत डाव्या-उजव्याला देतो, मागून येणाऱ्या गोळ्या मागच्या दोघांना, आणि संवाद समोरच्या मधल्या स्पीकरला. सिनेमाच्या मिक्सिंगची हीच रीत, गेमवाल्यांनीही ती उचलली. मधला स्पीकर तुझ्याकडे नाहीच. तीन जॅकवाल्या बहुतेक मदरबोर्डवर ५.१ निवडलं की गुलाबी जॅक माइकचं काम सोडून मधल्या स्पीकरचा जॅक होतो. म्हणजे तुझी पात्रं इमानेइतबारे बोलतायत, पण कॅबिनेटच्या मागच्या त्या रिकाम्या गुलाबी भोकातून.

साउंड सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल 'अ‍ॅनालॉग स्टिरिओ ड्युप्लेक्स' कर. ड्युप्लेक्स अशासाठी, की माइकही चालू राहील. मग गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघड. किती चॅनेल हा प्रश्न तो सुरुवातीलाच विचारतो, मधे बदललेलं त्याला कळेलच असं नाही. एवढं करून गेमच्या स्वतःच्या ऑडिओ मेनूतही डोकाव. तिथे 'होम थिएटर' असेल तर 'स्टिरिओ' किंवा 'हेडफोन' कर. एचडीएमआयनं टीव्हीला जोडून खेळणाऱ्यांकडेही हा घोटाळा हमखास दिसतो.

प्रोफाइल स्टिरिओ असूनही एकाच गेमचे संवाद किंवा मधले व्हिडिओ मुके राहिले, तर मात्र वरून दुसऱ्या मजल्यावर चढायचं. काही विंडोज गेम आवाज मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये बांधून देतात आणि प्रोटॉनच्या काही आवृत्त्यांकडे तो उलगडायची सोय नसते. तेव्हा स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोटॉनची वेगळी आवृत्ती निवडायची, किंवा जास्तीचे कोडेक घातलेलं प्रोटॉन-जीई वापरून बघायचं. गेमचं प्रीफिक्स फोल्डर (प्रोटॉन त्या गेमसाठी बनवतो ते) उडवायचा सल्ला मिळाला तर सांभाळून. काही गेमचे सेव्ह त्याच फोल्डरमध्ये असतात. माझ्या भाच्याचे चाळीस तास असेच गेले. उडवलं मीच होतं, त्यामुळे अजूनही रक्षाबंधनाला तो विषय निघतो.

खरखरीकडे येऊ. खरखर म्हणजे काय हे आधी नीट ऐक. सलग घूऽऽ असा आवाज असेल आणि माउस हलवल्यावर त्याचा सूर बदलत असेल, तर तो लिनक्सचा विषयच नाही, अर्थिंग बघ. जुन्या इमारतींत तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसलेला असतो, तिथे असं हटकून होतं. एखादा आवाज सुरू होताना एकदाच 'टप्' होत असेल आणि पहिला शब्द अर्धा कापला जात असेल, तर कार्ड वीज वाचवायला झोपी जातंय. वायरप्लंबर, म्हणजे पाइपवायरचा मुकादम, पाच सेकंद शांतता झाली की आउटपुट झोपवतो; शिवाय ड्रायव्हरची स्वतःची 'पॉवर सेव्ह' सोय असतेच. दोन्ही बंद करता येतात. पण वायरप्लंबरची सेटिंग शोधताना आवृत्ती बघ, ०.४ पर्यंत ती ल्युआ भाषेतल्या फायलींत असायची आणि ०.५ पासून रचनाच बदलली. एकीची फाइल दुसरीत टाकलीस तर काहीच होत नाही, आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो.

तुझी खरखर मात्र तिसऱ्या जातीची, गेम तापल्यावर येणारी. तिच्यासाठी 'पीडब्ल्यू-टॉप' ही आज्ञा चालव. गेम पूर्ण पडद्याऐवजी खिडकीत ठेव, बाजूला टर्मिनल. तिथे प्रत्येक ओळ म्हणजे एक प्रोग्रॅम किंवा एक उपकरण. 'क्वांट' नावाच्या रकान्यात एक आकडा असतो, समज १०२४, शेजारी रेट ४८०००. अर्थ असा, की पाइपवायर एका वेळी १०२४ नमुन्यांचा घास घेतं, म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंदांचा आवाज. तेवढ्या वेळात पुढचा घास तयार व्हायलाच हवा. झाला नाही तर तिथे भोक पडतं आणि कानाला खर्र ऐकू येतं. आणि 'ईआरआर' रकान्यातला आकडा एकानं वाढतो.

घणसोलीतल्या एका मित्राकडे मी हे त्याच्या मुलाला दाखवलं होतं. पोरगं खेळत होतं, मी पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट धरून बसलो होतो. स्पीकरमधून खर्र झालं की आकडा सतरावरून अठरा. पुन्हा खर्र, एकोणीस. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. महिनाभर ज्याला तो 'लिनक्स बंडल आहे' म्हणत होता, ते समोर मोजता येत होतं. आकडा गेमच्या ओळीत वाढत होता, स्पीकरच्या नाही. म्हणजे उशीर गेमकडून होत होता, कार्ड निर्दोष. आणि क्वांटमध्ये दिसत होतं २५६. कुठल्या तरी प्रोग्रॅमनं कमी विलंब मागितला होता, आणि सगळ्यांत लहान मागणी जो करेल त्याचंच पाइपवायर ऐकतं. २५६ म्हणजे जेमतेम सव्वापाच मिलिसेकंद. त्या घाईत गेम धापा टाकत होता.

उपाय दोन. एकाच गेमपुरता: स्टीममध्ये त्या गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये 'पल्स लेटन्सी एमसेक' हा चल (व्हेरिएबल), मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन, लगेच बरोबरचं चिन्ह आणि ६०, मग एक जागा सोडून टक्क्यांच्या चिन्हांत 'कमांड'. सगळ्या सिस्टिमसाठी: 'पीडब्ल्यू-मेटाडेटा' या आज्ञेनं सेटिंगमधलं 'क्लॉक डॉट मिन-क्वांटम' ५१२ किंवा १०२४ करायचं. ही दुसरी सेटिंग पीसी पुन्हा चालू केला की पुसली जाते, त्यामुळे न घाबरता करून बघ. जमलं तर मग फाइलमध्ये कायमची लिही. फुकट मात्र काही मिळत नाही. घास मोठा केला की आवाज तेवढा उशिरा येतो. गोळीबाराच्या गेममध्ये ६० मिलिसेकंद बहुतेकांना कळत नाहीत. तालावर बटण दाबायच्या गेममध्ये वाट लागेल.

पण तुझ्या प्रश्नात एक शब्द आहे जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: 'दहा-पंधरा मिनिटांनी'. बफरचा, म्हणजे त्या घासाच्या आकाराचा, दोष असता तर खरखर पहिल्या मिनिटाला आली असती. नवीन गेमच्या पहिल्या खेळात शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असताना थोडं अडखळणं चालायचंच, ते नंतर आपोआप थांबतं. उशिरा सुरू होऊन टिकणारी खरखर म्हणजे मला उष्णतेचा संशय येतो. प्रोसेसर तापला, वेग उतरवला, आणि आवाजाचा घास वेळेत तयार होईना. 'सेन्सर्स' ही आज्ञा देऊन खेळण्याआधी आणि खरखर सुरू झाल्यावर तापमान लिहून ठेव. पॉवर प्रोफाइल 'पॉवर सेव्हर'वर तर नाही ना, हेही बघ. आणि कॅबिनेटची बाजू उघड. ठाणे-बेलापूर रोडच्या आसपास ज्यांची खिडकी आहे त्यांच्या पंख्यावर सहा महिन्यांत गोधडी साचते, हे मी अनेक घरांत पाहिलंय. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव, भणाणून फिरू देऊ नकोस. बफर वाढवून हे लपवता येईल, पण मे महिन्यात परत डोकं वर काढेल.

आता ब्लूटूथ. याला दोष लिनक्सचा म्हण, विंडोजचा म्हण, फोनचा म्हण; मूळ रचनाच तशी आहे. तुझ्या हेडफोनला दोन सोंगं आहेत. एक ए-टू-डीपी: चांगला स्टिरिओ आवाज, पण एकतर्फी, माइक नाही. दुसरं हँड्स-फ्री: माइक चालतो, पण आवाज एका चॅनेलचा, बहुतेक ८ किंवा १६ किलोहर्ट्झचा. हे दुसरं फोनवर बोलण्यासाठीच बनवलंय, तेव्हा ते टेलिफोनसारखं ऐकू येतं यात नवल नाही. तू गप्पांचा प्रोग्रॅम उघडतोस, तो माइक मागतो, वायरप्लंबर बघतो की हेडफोनला माइक आहे, आणि मदत म्हणून सोंग बदलतो. गप्पा संपल्या की परत ठीक. बरोबर ना?

तेव्हा ऐकायला हेडफोन आणि बोलायला दुसराच माइक, अशी फारकत कर. वेबकॅम असेल तर त्याचा माइक पुरतो. नसेल तर शंभर-दोनशेत मिळणारा कॉलर माइक गुलाबी जॅकला लाव (जो आता, प्रोफाइल बदलल्यावर, पुन्हा माइकचा झालाय). मग पावूकंट्रोलच्या (कोणाचा आवाज कुठे जातो ते दाखवणारा छोटा प्रोग्रॅम) कॉन्फिगरेशन टॅबमध्ये हेडफोनचं प्रोफाइल ए-टू-डीपीवर ठेव आणि गप्पांच्या प्रोग्रॅममध्ये इनपुट म्हणून तो दुसरा माइक नावानिशी निवड; 'डीफॉल्ट'वर सोडू नकोस. आणि एक स्पष्टच सांगतो: स्पर्धेत खेळायचं असेल तर ब्लूटूथ विसर. बंदूक उडालेली डोळ्यांना आधी दिसते, कानाला नंतर कळते. वायरचा साधा हेडफोन त्याहून बरा.

जॅकचा विषय निघालाच आहे तर एक किस्सा. गेल्या जुलैत वाशीहून फोन आला, गेमला काय, कशालाच आवाज नाही, कालपर्यंत होता. मी गेलो. पावूकंट्रोलमध्ये आउटपुट डिव्हाइसेस टॅब उघडला तर तिथे 'हेडफोन, प्लग्ड इन' असं लिहिलेलं. पुढच्या पॅनेलच्या जॅकमध्ये काहीही नव्हतं. त्या जॅकच्या आत एक बारीक पत्र्याची पट्टी असते. पिन आत गेली की ती सरकते आणि बोर्डाला कळतं की हेडफोन आला, स्पीकर बंद करा. पावसाळी दमट हवेनं ती पट्टी गंजून तशीच चिकटली होती. हेडफोनची पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर केली, मग पिनेलाच आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून पुन्हा. पडद्यावरचं 'प्लग्ड इन' झटकन 'अनप्लग्ड' झालं आणि मागच्या स्पीकरमधून त्याच क्षणी गाणं सुरू झालं. त्या माणसानं तोपर्यंत तीन वेगवेगळी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची वेगवेगळी रूपं, टाकून पाहिली होती.

आणखी एक, कारण हे तुला कधी ना कधी चावणारच. पाइपवायर प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज आणि त्याचं ठिकाण लक्षात ठेवतं. चुकून एखाद्या गेमला म्यूट केलंस किंवा त्याचा आवाज स्पीकर नसलेल्या एचडीएमआय मॉनिटरकडे वळवलास, तर पीसी बंद करून चालू कर, गेम काढून पुन्हा टाक, तो तसाच मुका राहू शकतो. गेम चालू असताना पावूकंट्रोलचा पहिला टॅब, प्लेबॅक, उघडायचा. तिथे गेमची पट्टी हलताना दिसली म्हणजे आवाज तिथवर आलाय, पुढे चुकीच्या दाराला जातोय. शेजारच्या यादीतून बरोबर स्पीकर निवड. पट्टी दिसतच नसेल तर घोळ वरच्या मजल्यावर, प्रोटॉनमध्ये किंवा गेममध्ये. हा एक टॅब मला बाकी सगळ्या आज्ञांपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडलाय.

साउंड सर्व्हर नव्यानं उठवायचा झाला तर 'सिस्टमसीटीएल' ला 'युझर' पर्याय देऊन पाइपवायर, पाइपवायर-पल्स आणि वायरप्लंबर तिघांना रीस्टार्ट दे. पुढे सुडो लावू नकोस. हे तिघं तुझ्या खात्यात चालतात, रूटच्या, म्हणजे सुडोनं मिळणाऱ्या मुख्य प्रशासकाच्या, नाही.

लॅपटॉपवाले कोणी हे वाचत असतील आणि त्यांच्याकडे आउटपुट म्हणून फक्त 'डमी आउटपुट' दिसत असेल, तर ते वरचं काही करू नका. तुमचा घोळ तळमजल्यावर आहे. २०१८ नंतरच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपना साउंड ओपन फर्मवेअर लागतं, त्याचं पॅकेज आहे का ते आधी बघा.

तर तू आज रात्री एकच गोष्ट कर: प्रोफाइल स्टिरिओवर आण, गेम नव्यानं उघड आणि तोच संवादाचा प्रसंग लाव. पात्रं बोलली की कळव. खरखरीसाठी पीडब्ल्यू-टॉपचा फोटो पाठव, ईआरआरचा रकाना कापू नकोस, आणि दोन्ही वेळचं तापमान. पंखा साफ करायला ब्लोअर नसेल तर रविवारी सकाळी घेऊन ये कॅबिनेट, कोपरखैरणे स्टेशनवरून फोन कर. मॉनिटर आणू नकोस, माझ्याकडे आहे.